गवा : सायंकाळी ६.१० ते ६.२५

नानांनी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मागितला की ताई ओळखतात, ट्रिपचे दिवस आले. दोरा आधी पाण्यातून काढायचा, दोन बोटांनी निपटायचा आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर घाटाच्या वळणावळणाने बसवत न्यायचा. ओला दोरा कागदाला चिकटून राहतो, वळण सोडत नाही, हे नानांचं शास्त्र. दाजीपूरहून फोंडा घाट उतरेपर्यंत चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असतो. पायथ्याशी पोचल्यावर नखाने दोरा दाबून धरायचा, अलगद उचलायचा, फूटपट्टीला लावायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. शेजारी नातू मोबाइल घेऊन बसलेला. त्याने तोच आकडा कधीच सांगून टाकलेला असतो. "त्याला चढ कळत नाही," नाना म्हणतात. त्याला म्हणजे मोबाइलला. ताईंची तक्रार निराळी आहे. एका उन्हाळ्यात अख्खं रीळ संपतं आणि त्यांच्या ब्लाउजची हुकं तशीच राहतात.

ताई त्यांची बायको; नाना माझे थोरले साडू. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं आणि नाना येताना खातंच घरी घेऊन आले. आपण ट्रिपला 'जातो'. नाना ट्रिपचं 'काम काढतात'. आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, जी ते स्वतःच देतात, मग प्रशासकीय मान्यता, जी ताईंकडे असते आणि दोन-दोन आठवडे अडकून पडते. तोवर डिझेल वाढतं, लॉजचे दर बदलतात, की निघालं सुधारित अंदाजपत्रक. आमच्या ट्रिपचं काम २०१८ साली निघालं. २०२५ साली सहावं सुधारित अंदाजपत्रक आमच्या हातात पडलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "भावोजी, तेवढ्यात धरण झालं असतं." हे चुकीच्या माणसाला बोलली. नानांनी तिला खाली बसवून सांगितलं, की शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं राधानगरीचं धरण पुरं व्हायला देश स्वतंत्र व्हावा लागला. आणि बघ, त्याचे सात दरवाजे आज पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, वीज लागत नाही की माणूस लागत नाही. "वेळ घेतला, पण काम कसं झालं?"

मुंबई-गोवा महामार्गाचा राग न येणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. २०११पासून चौपदरीकरण चाललंय, सगळा कोकण बोटं मोडतो. नाना फक्त "हं, भूसंपादन" एवढंच म्हणतात. जातवाल्याला जातवाल्याचं दुःख कळतं.

आता ट्रिप मेच्या शेवटच्या आठवड्यातच का, हे ऐकलं की माणूस गारच पडतो, कारण त्यात खोट काढता येत नाही. मेच्या सुरुवातीला गेलात तर चाकरमानी गावी आलेले, लॉजवाला तोंडाला येईल तो दर सांगतो. अखेरीला ते परतलेले असतात. हापूस उतरणीला लागतो म्हणजे खिशाला परवडतो. फणस बरका-कापा दोन्ही. जंगलातले पाणवठे आटून एकदोनच उरलेले असतात, त्यामुळे जनावर तिथे येणारच. वनखात्याची प्राणीगणना बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर होते ती उगीच नाही. एक जूनपासून मासेमारी बंद, ती थेट एकतीस जुलैपर्यंत, म्हणजे सुरमई खायची तर मेमध्येच. आणि पाऊस? तो जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येतो. म्हणजे सगळ्या गोष्टी एकाच वेळी मिळतील असे वर्षाकाठी आठ दिवस. नाना त्या आठ दिवसांना 'खिडकी' म्हणतात. आम्ही सात वर्षं त्या खिडकीत उभे होतो.

फाइल गुलाबी आहे, सरकारी, नाडीची. तिच्यात पुणे-कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर, मग घाट उतरून कणकवली, मालवण, आणि तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवत विजयदुर्ग, रत्नागिरी, गुहागर, दापोली, श्रीवर्धन, शेवटी ताम्हिणी चढून घरी, असा सबंध पोहऱ्याचा फेरा आहे. प्रत्येक दिवसाला एक तक्ता. पहिल्या दिवशीचा मी बघितला आहे. 'प्रस्थान ५.३०. खंबाटकी उतरल्यावर चहा, १२ मि. सामुदायिक लघुशंका, ८ मि. उत्स्फूर्त गाणी, सातारा ते कराड.' एक रकाना 'अनपेक्षित थांबे' असा आहे आणि त्यात वेळ भरलेली आहे, ११.१० ते ११.२५. आणि शेवटी, दाजीपूरच्या पुढे, लाल शाईने : 'गवा, सायं. ६.१० ते ६.२५.'

"नाना, गव्याला कळवलंय का?" मी विचारलं.

"थट्टा नको. जनावर घड्याळाचं असतं. माणूसच उशिरा पोचतो."

मग आमची शिकवणी झाली. गव्याला बायसन म्हणायचं नाही, बायसन अमेरिकेत. नर जवळजवळ काळा, आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. मोजे दिसले नाहीत तर तो गवा नव्हे.

बैठका नानांच्या वारज्याच्या फ्लॅटवर होतात. कांदेपोहे येतात, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि मागच्या इतिवृत्ताला मंजुरी मिळाल्याशिवाय दुसरा चहा येत नाही. एकदा नानांनी जाहीर केलं, "मार्गात तीन जंगलजेट्या आहेत." माझ्या सासूबाई घाबरल्या. जंगल पहिल्याच दिवशी संपतंय म्हणून त्या निर्धास्त होत्या. मग त्यांना समजावलं, की जंगलजेटी म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडून देणारी सपाट बोट. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला. सासूबाई म्हणाल्या, "मग जंगल कशाला म्हणायचं मेल्यांनी?" याचं उत्तर गुलाबी फाइलीत नव्हतं. नानांनी ते इतिवृत्तात 'माहिती मागवावी' असं नोंदवलं.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र त्यांचा बिनचूक. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हे कोकणातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोंडपाठ असतं. नानांनी त्याचा आलेख काढला होता. २०२५ची तारीख त्यांनी या आलेखावरूनच काढली. शनिवारी २४ मेला निघायचं, सोमवारी अमावास्या लागते, म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ओहोटी, फिरायला वाळूच वाळू. ताईंनी तिथेच प्रशासकीय हरकत घेतली. वैशाखातली अमावास्या, आणि पोराबाळांना घेऊन समुद्रावर? चार दिवस फाइल ताईंच्या टेबलावर, म्हणजे ओट्यावर, पोळपाटाखाली पडून होती. शेवटी शनीला तेल वाहून निघायचं अशा अटीवर सही झाली.

थट्टा वाटते, पण नानांचं त्या किनाऱ्यावर मन आहे, हे मला २०२० साली कळलं. तीन जूनला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आपल्याला कुठे तेव्हा दारातून बाहेर पडता येत होतं? पण नाना दोन दिवस फाइल उघडेनात. ज्या गावाला ते आयुष्यात एकदाही गेलेले नव्हते, तिथल्या एका घरगुती खानावळीत फोन करून "तुमचं छप्पर शाबूत आहे ना?" असं विचारत बसले होते. पुढच्या वर्षी मेच्या मध्यालाच तौक्ते आलं, तेव्हा तक्त्यात 'वादळ' असा एक कायमचा रकाना वाढला.

विजयदुर्गावरून घरात दोन तट आहेत. किल्ल्यावर 'साहेबाचा ओटा' आहे आणि १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने तिथून हेलियम शोधला, असं नाना सांगतात. त्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवलेली आहेत. माझा मुलगा म्हणतो, लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. हे खरं आहे, पण नाना त्यावर म्हणाले, "मग ओटा कोणी बांधला?" आणि वीस मिनिटांची पंचवीस केली, पाच मिनिटं वादासाठी.

तर २०२५. गाडी सात जणांची, आम्ही सात, तेल वाहून झालेलं. गुरुवारी रात्री नानांनी सामान भरण्याची रंगीत तालीम ठेवली. सगळ्या बॅगा खाली आणायच्या, क्रमांकानुसार डिकीत लावायच्या, फोटो काढायचा, परत वर न्यायच्या. परत वर नेताना दुसऱ्या मजल्यावर सहा नंबरची बॅग आणि नाना एकदमच घसरले. पाऊल सुजून नारळाएवढं. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय खाली टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. ताई त्यांच्यापाशी थांबल्या. आम्हीही बेत मोडायला निघालो होतो, पण नानांनीच फाइल माझ्या हातात दिली. देताना नाडी दोनदा आवळली.

त्याच शनिवारी मान्सून केरळात उतरला आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात हजर. सोमवारी मुंबईत. जुन्या नोंदी असलेल्या माणसांनीही तो मुंबईत इतका लवकर पाहिलेला नव्हता. म्हणजे नानांची आठ दिवसांची खिडकी आम्ही उंबरा ओलांडेपर्यंतच मिटली होती. आम्ही सहा वीसला निघालो, खंबाटकीला वायपर लागले ते लागलेच. उत्स्फूर्त गाणी कुणाला सुचली नाहीत. अनपेक्षित थांबे चार झाले, एकही वेळेवर नाही.

दाजीपुराकडे पोचलो तेव्हा धुकं इतकं, की गाडीच्या बॉनेटवर काय आहे ते कळेना. चहाच्या टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "गवा कुठला बगताय आता? आठ दिस झालं पाऊस लागून ऱ्हायलाय. पानी जिकडं तिकडं झालंया, त्यो कशाला येतोय पानवठ्याव?" नानांच्या शास्त्राचीच ही दुसरी बाजू होती. नेमका सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"दिसला?"

मी समोर पाहिलं. धुक्यातून काहीतरी मोठं, काळं, संथपणे रस्ता ओलांडत होतं. त्याच्या मागून डोक्यावर इरलं घेतलेली बाई काठी आपटत येत होती.

"दिसला," मी म्हणालो.

"मोजे?"

म्हशीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. "आहेत. पण मळलेले आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग नाना ताईंना ओरडून सांगताना ऐकू आले, "अगं, दिसला, दिसला!" इतका खोटारडेपणा मी करीन असं मला वाटलं नव्हतं, पण एकदा केल्यावर पुढचं सोपं गेलं.

मालवणला समुद्र चहाच्या रंगाचा झाला होता. सिंधुदुर्ग समोर दिसत होता, दिसत नव्हता. होड्या ओढून वर घेतलेल्या. खानावळीत सुरमई विचारली तर बाई म्हणाल्या, "चार दिवस कोण समुद्रात गेलाच नाय, मासो खंयसून आणू?" आणि वडे नि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. पोरांनी बाराबारा वडे खाल्ले. दोन दिवस आम्ही लॉजच्या पडवीत बसून पत्ते खेळलो, सासूबाईंनी कापा फणस फोडला, आणि तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने घर गाठायचं ठरवलं. जंगलजेटी राहिलीच. पण रोज ठरल्या वेळी नानांचा फोन यायचा, आणि मी पडवीत उभा राहून गुलाबी फाइल उघडून त्यांचंच त्यांना वाचून दाखवायचो. जयगडचा दीपगृहाचा चढ, तवसाळला जेटीवरून गाडी उलटी उतरवताना घ्यायची काळजी, गुहागरची सुरूची झाडं. मी आपलं अधूनमधून "काय वारा सुटलाय नाना!" एवढं घालायचो.

परतल्यावर भेटायला गेलो. नाना खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर पाट. मी काजूगर आणि कोकमं पुढे ठेवली. त्यांनी फाइल घेतली, नाडी सोडली, एकेक पान वास घेतल्यासारखं जवळ धरून पाहिलं. सांबाऱ्याचा एक डाग पडला होता, त्याभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला.

"तवसाळची जेटी त्या दिवशी बंद होती," ते म्हणाले. "मी सकाळीच विचारून घेतलं होतं."

मला घाम फुटला. "मग वीस मिनिटं ऐकत का होतात?"

"तुम्ही छान सांगत होतात." त्यांनी टोपण काढून रकान्यात लिहिलं : 'गवा, मोजे मळलेले. शंकास्पद.' मग थोडा वेळ फूटपट्टीने पाठ खाजवली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे प्राथमिक पाहणी झाली म्हणायची," नाना म्हणाले. "आता ट्रिप ठरवायला हरकत नाही. अगं, तो दोरा दे जरा."