काय हुतंय?

दूधगंगेकाठचा ऊस तोडीला आला की सदलग्यात ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, आणि ट्रॅक्टर धावले की गाड्यांच्या वायरमनला घास गिळायची फुरसत राहत नाही. पाटी एमएच-०९ असो की केए-२३, त्याचं औषध एकच: 'डायरेक्ट करूया.' स्विच बिघडला, डायरेक्ट. रिले जळला, डायरेक्ट. फ्यूज सारखा उडतोय? मग फ्यूज हवाच कशाला, तांब्याची तार आहे की! बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा म्हणणाऱ्याला तो 'काय हुतंय?' म्हणून गप्प करतो. गिऱ्हाईक कानडी असलं तर 'एनू आगूदिल्ल.' सीमाभागात दोन भाषांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या मुद्द्यावर झाल्याचं दिसत नाही.

त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दोन टर्मिनलांवर दोन हात ठेवून तो शॉक लागत नाही हे दाखवतो, आणि तो लागत नाहीच. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम. १२ व्होल्टला त्यातून जाऊन जाऊन जाणार किती, चार-दोन मिलिअँपिअर. गफलत पुढच्या पायरीवर होते. शॉक नाही म्हणजे धोका नाही, असं तो धरून चालतो. बैल चावत नाही, म्हणून शिंगही मारणार नाही, असा हा हिशेब. हाताला रोध आहे, पान्याला जवळजवळ नाही. पॉझिटिव्हच्या नटावर लावलेल्या १० नंबरच्या पान्याचं शेपूट निगेटिव्हला जोडलेल्या बॉडीला टेकलं की त्यातून शेकडो अँपिअर धावतात, ठिणग्या उडतात आणि पाना जागेवरच चिकटून बसतो. निगेटिव्ह आधी सुटलेली असेल तर तोच पाना बॉडीला खुशाल टेकू दे, करंटची वाटच पुरी होत नाही. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना शेवटी. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते, आणि वाकून बॅटरीतलं पाणी बघणाऱ्याच्या ओठात निपाणीच्या तंबाखूची विडी असते.

'तीस वर्षं हेच करतोय, काय झालं?' हा त्याचा हुकमी एक्का. त्याला काही झालं नाही हे कबूल. होतं ते गाडीला, तेही सहा महिन्यांनी, शिवारात. टेपच्या कपाटाएवढ्या बॉक्सांना १५ अँपिअरचा फ्यूज पुरेना म्हणून जाड तार घातली, की फ्यूजचं काम त्या लाइनीतली सगळ्यात बारीक वायर करू लागते, आणि ती असते डॅशबोर्डाच्या पोटात. ती पेटली की उंदरानं कुरतडली म्हणायचं. उंदराची बाजू मांडायला कोणी नसतं. कारखान्यावर नंबर लागलाय, वेळ कुठाय, ही तक्रार मात्र खोटी नाही. उभा ट्रॅक्टर म्हणजे वाळता ऊस. पण निगेटिव्हचा एक नट सैल करायला लागतं अर्धं मिनिट. 'काय हुतंय'चं व्याख्यान त्याहून लांबतं.

आता विजेवरच्या मोटारी आल्या. त्यांच्या केशरी केबलींत ३००-४०० व्होल्ट असतात आणि सर्व्हिस प्लग काढल्यावरही काही मिनिटं थांबावं लागतं, कारण आतल्या कपॅसिटरांत चार्ज उरलेला असतो. दोन हात ठेवून दाखवायची सोय तिथं नाही. पण सध्याच्या १२ व्होल्टांनाही पुरेल अशी एक वस्तू त्याच्या बोटात आहे: तांब्यात मढवलेलं पोवळं, मंगळाचं, आगीपासून नि अपघातापासून राखणारं. गाडीच्या विजेला हात घालण्याआधी अंगावरून उतरवायचं ते नेमकं हेच. पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये सापडलं तर तांबं क्षणात भाजू लागतं, आणि तेवढ्यात अंगठी काही बोटातून निघत नाही. ती काढून ठेवा असं त्याला सांगून बघावं. या एका बाबतीत तो 'काय हुतंय?' म्हणत नाही. पाना खाली ठेवतो, आवाज उतरवतो आणि म्हणतो, 'नको बाबा. काढली आन् काय झालं म्हंजे?'