कुरुकारुनि-सामांचं खातं

बँकेत जाताना मराठी माणूस कागदपत्रांबरोबर थोडा राग घरूनच घेऊन निघतो. झेरॉक्स, दोन फोटो आणि 'मला मॅनेजरना भेटायचंय' हे वाक्य, एवढी शिदोरी असली की कुठल्याही शाखेत निभाव लागतो. तोक्योत मात्र यातलं शेवटचं हत्यार म्यानातच गंजतं. तिथे तुमच्यावर कोणी खेकसतच नाही, मग तुम्ही खेकसायचं कोणावर?

2023 साली नोकरीनिमित्त मी निशी-कासाईला राहायला गेलो. एदोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे तोक्योतली भारतीय वस्ती. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले होते. त्यामुळे तूरडाळ कुठे मिळते इथपासून खातं कुठे उघडावं इथपर्यंत सल्ला द्यायला शेजारीपाजारी हजर. 'पोस्टाची बँक घ्या, खेड्यात गेलात तरी एटीएम सापडेल.' 'तीन मोठ्या बँकांपैकी घ्या, वजन पडतं.' 'इंटरनेटवरची घ्या, इंग्रजीत भागतं.' मी रीतसर तक्ता केला, गुण दिले, बेरजा मांडल्या. मग ऑफिसातून निरोप आला की पगार अमुक एका बँकेतच जमा होतो, शाखा चौकात आहे. निवड झाली.

आता बँकेला हवा माझा मोबाइल नंबर आणि मोबाइलवाल्यांना हवं बिल वळतं करायला माझं बँक खातं. दोघांचंही म्हणणं रास्त होतं, अडचण फक्त मी मध्ये असण्याची होती. त्यात परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नवा आलेला परदेशी माणूस पहिले सहा महिने 'अनिवासी', म्हणजे राहत असूनही न राहणारा. नोकरी असली तर यातून सुटका होते. शेवटी ऑफिसने एक फोन दिला आणि मी खरोखरच नोकरीला असल्याचं पत्र दिलं.

बँक नऊला उघडते, तीनला बंद. दारातच एक बाई कमरेत वाकून स्वागत करतात, काम विचारतात, टोकन काढून देतात. फॉर्म भरायच्या टेबलावर वेगवेगळ्या नंबरांचे चाळिशीचे चष्मे मांडलेले. एवढ्या सरबराईनंतर वाटलं, आता नारळच हातात देतील. तो दिलाच, पण जरा उशिरा आणि वेगळ्या अर्थाने.

फॉर्मवर सालं जपानी सम्राटांच्या कालगणनेत. मी 1984चा, म्हणजे शोवा 59 आणि अर्जाची तारीख रेइवा 5. आपल्याकडे शके लग्नपत्रिकेपुरतं उरलंय, यांच्याकडे ते थेट बँकेत नांदतंय. त्यापुढे एक प्रतिज्ञा: मी कोणत्याही गुंडटोळीचा सदस्य नाही. जपानमध्ये खातं उघडणाऱ्या प्रत्येकाला, अगदी काठी टेकत आलेल्या आजीबाईंनासुद्धा, आपण याकुझा नसल्याची हमी द्यावी लागते. खरा याकुझा इथे प्रामाणिकपणे 'आहे' असं लिहून निमूट घरी जातो का, हे विचारायचं फार मनात होतं. पण काउंटरवरची मुलगी त्या चौकटीकडे तळहात दाखवत इतकी गंभीर बसली होती, की मी गुन्हेगारी जगताचा मुकाट्याने राजीनामा दिला.

मग आलं नाव. पासपोर्टवर माझं आडनाव, माझं नाव आणि वडिलांचं नाव अशी त्रिस्थळी यात्रा आहे. काताकाना लिपीत शिरताच कुलकर्णींचं जोडाक्षर सुटं झालं आणि ते 'कुरुकारुनि' झाले. पुढे माझं नाव लागलं आणि वडिलांच्या विश्वनाथाशी पोचेपर्यंत फॉर्मवरचे चौकोन संपले. मुलीने दोन्ही हातांनी फॉर्म उचलला, आत कोणाला दाखवला, त्यांनी आणखी कोणाला. थोड्या वेळाने तिघंही बाहेर आले आणि ओळीने वाकले. चौकोन संपले ते आमच्या घराण्यामुळे आणि माफी मागत होते ते! अशा माणसांशी भांडण सुरू तरी कसं करायचं? अखेर विश्वनाथांना 'विश्वा'वर थांबवून आम्ही पुढे सरकलो.

"कुरुकारुनि-सामा, शिक्का आणलाय का?"

'सामा' म्हणजे आपलं 'साहेब'. काही बँका परदेशी माणसाची सही चालवून घेतात, या शाखेला शिक्काच हवा होता. मी झोकात सही करून दाखवली. मुलीने ती एखाद्या चित्रासारखी न्याहाळली, मान डोलावली, पुन्हा माफी मागितली आणि शिक्का घेऊन या म्हणून नारळ दिला. तारो कोनो या मंत्र्यांनी 2020 साली सरकारी कागदांवरच्या शिक्क्यांविरुद्ध मोहीम उघडली होती, पण तिची वार्ता या काउंटरपर्यंत आलेली दिसली नाही. रबरी शिक्का चालत नाही, कारण दाबेल तसा त्याचा ठसा बदलतो. सातो, सुझुकी, तानाका हे दुकानातल्या फिरत्या स्टँडवर तयार मिळतात, कुरुकारुनि मात्र मुद्दाम कोरून घ्यावे लागतात. कारागिराने नखाएवढ्या गोलात आम्हाला पाचही अक्षरांनिशी बसवलं. तांबडी शाई लावून ठसा उमटवला आणि एकदाचं खातं उघडलं. त्या दिवसापासून बँकेच्या लेखी मालक तो लाकडी तुकडा, मी त्याला खिशातून आणणारा गडी.

पासबुकाबरोबर टिश्यूची पाकिटं भेट मिळाली. पहिला पगार मात्र आला तसा परत गेला. कंपनीने वडिलांचं नाव आदराने पूर्ण लिहिलं होतं आणि काताकानातलं एक अक्षर जुळलं नाही तरी पैसे आल्या वाटेने निघून जातात. बँकेने माफी मागितली, कंपनीने मागितली, शेवटी राहवेना म्हणून मीही मागितली.

खातं सुरू झाल्यावर मी व्याजाची चौकशी केली: 0.001 टक्के. दहा लाख येन वर्षभर ठेवले तर दहा येन, त्यातूनही कर वजा. आणि संध्याकाळी सहानंतर बँकेच्याच एटीएममधून एकदा पैसे काढले की शुल्क 110 येन, म्हणजे दहा लाखांचं अकरा वर्षांचं व्याज एका बटणात खलास. 2024च्या मार्चमध्ये जपानच्या मध्यवर्ती बँकेने उणे व्याजदर सोडला आणि दर जरा हलला, पण तोवर माझा नेम पक्का झाला होता. सगळं ऑफिस माना खाली घालून काम करत असताना पावणेसहाला मी ताडकन उठतो आणि एटीएमकडे धाव घेतो. हा माणूस घड्याळाच्या काट्यावर चालतो, असा माझा ऑफिसात लौकिक आहे. इतक्या लवकर जपानी शिस्त अंगी बाणवल्याबद्दल साहेबांनी परवा सर्वांसमक्ष माझं अभिनंदन केलं.