बीबीहून समुद्रकड्यावर सायकल कशी न्यावी

समुद्रकाठच्या कड्यांवरून सायकल चालवायची तर आधी समुद्र लागतो, असा एक जुना गैरसमज आहे. तो परदेशी कॅलेंडरांनी पसरवला. त्या चित्रांत एका अंगाला खोल निळं पाणी, दुसऱ्या अंगाला हिरवे उतार, मधून काळाशार रस्ता आणि त्यावर गॉगल लावलेला एक सडपातळ इसम. मागे ट्रॅक्टर नाही, पुढे म्हैस नाही. आता आपल्या बीबी गावाहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे पडतो. म्हणून काय आपण जन्मभर कॅलेंडरच बघावं? शांतपणे विचार केला तर समुद्रकड्याला तीनच गोष्टी लागतात: उंच कडा, खाली खारं पाणी आणि पडायची भीती. तिन्ही आपल्या लोणार तालुक्यात आहेत. चौथी गोष्ट, म्हणजे सायकल, तेवढी घरून न्यायची.

लोणारच्या सरोवराला आपण इतके सरावलो आहोत की पाहुणे आल्याशिवाय तिकडे फिरकत नाही. पण कड्याच्या दृष्टीने त्याची पात्रता तपासा. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, काठापासून तळापर्यंत शंभर मीटरहून कितीतरी खोल, कडा बेसाल्टचा. कोकणचे कडेही त्याच लाव्ह्याचे, तेव्हा दगडाच्या बाबतीत आपण त्यांच्या तसूभरही मागे नाही. उलट त्यांचा कडा लाटांनी हजारो वर्षं घासून घासून केला, आपला उल्केने एका दणक्यात केला. कामाचा हा वेग जिल्ह्यात पुन्हा दिसला नाही. पाणी खारंच नव्हे, चांगलं क्षारयुक्त. ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या क्षारांची नोंद आहे आणि 1823 साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची दखल घेतली. सायकल घेऊन आल्याची नोंद मात्र दोघांचीही नाही, तो मान अजून मोकळा आहे. रंगाचं म्हणाल तर जून 2020 मध्ये हे पाणी चक्क गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आलं. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. गुलाबी समुद्र कोणत्या कॅलेंडरात आहे, दाखवा.

तेव्हा जागा ठरली. आता साहित्य.

सायकल दोन प्रकारची मिळते. पहिली वाकड्या हँडलची, पातळ टायरची, जिची किंमत घरात सांगताना एक शून्य गाळावं लागतं. दुसरी वडिलांची काळी ॲटलस. या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला; पण वडिलांच्या सायकलीला ती बातमी कोणी कळवलेली नाही, ती चालूच आहे. वाकड्या हँडलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. या भागातल्या बाभळीचा काटा टायरची किंमत विचारत नाही. आणि पंक्चर झाल्यावर दुकानदार पाण्याचं घमेलं पुढे ओढतो, ट्यूब बाहेर काढतो, तिचा तो लांब, सुईसारखा व्हॉल्व्ह पाहतो आणि थांबतो. त्याच्याकडे वालट्यूब आहे, सोल्युशन आहे, पायाने दाबायचा पंप आहे, पस्तीस वर्षांचा हात आहे. पण या व्हॉल्व्हला बसेल असं तोंड त्याच्या पंपाला नाही. म्हणून पितळेचं छोटं ॲडॉप्टर खिशात ठेवावं. ते चाळीस-पन्नास रुपयांचं असतं आणि नेमकं घरीच राहतं.

कपड्यांबाबत पुस्तकं सांगतात की अंगासरशी बसणारी, खाली गादी शिवलेली चड्डी घालावी. शास्त्र बरोबर आहे. पण ती घालून सकाळी स्टँडवरून जायचं असेल, तर वरून एखादा साधा पायजमा चढवावा आणि वस्ती संपल्यावर काढावा. परतीच्या वेळी उलट क्रम. डोक्याला हेल्मेट, हेल्मेटखाली दुपट्टा. दुपट्टा घाम टिपतो, ऊन अडवतो, पुसायला होतो, आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कोणी दिसलं की तोंडाला बांधता येतो.

ओळखीचं कोणी दिसतंच. या मार्गावरचा सर्वांत अवघड चढ तोच. पारावरून प्रश्न येतो, “काहून रे बावा, गाडी इकली काय?” याला व्यायामाचं, हृदयाचं, कॅलरींचं उत्तर देऊ नये. त्यातून दुसरा प्रश्न निघतो, “मंग डाक्टरनं काय सांगतलं?” आणि दुपारपर्यंत तुमचं ऑपरेशन ठरलेलं असतं. “पेट्रोल लय म्हाग झालं न काका,” एवढंच म्हणावं. हे उत्तर सर्व वयोगटांत आणि सर्व पक्षांत चालतं.

मार्ग सोपा आहे. बीबीतून मेहकरच्या दिशेने निघायचं, सुलतानपूरला लोणारच्या रस्त्याला लागायचं. नकाशावर हा पट्टा सपाट दिसतो, कारण नकाशा सायकलवर बसत नाही. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके असे दोन भाग आपण लहानपणापासून ऐकतो. बीबी घाटावर. म्हणून चढ संपला असं समजू नये. घाटावर आल्यावरच चढ-उतार सुरू होतात. पश्चिमेला राहेरीजवळ खडकपूर्णा, पूर्वेला मेहकरला पैनगंगा, आणि दोघींच्या मधल्या या उंचवट्यावर प्रत्येक नाल्याने आपल्यापुरती दरी कोरलेली. रस्ता नाल्यात उतरतो, रपट्यावरून जातो, पुन्हा टेकाडावर चढतो. पावसाळा सरताना दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडत असतं, मध्ये तुरीच्या ओळी, पुढे कपाशी. ज्याला विलायती मासिकं ‘लाटांसारखा भूप्रदेश’ म्हणतात आणि ज्यासाठी लोक विमानाचं तिकीट काढतात, त्याला आपण ‘बरड’ म्हणून सोडून दिलंय.

उताराचं एक तंत्र आहे. रपट्याकडे जाताना वेग घ्यावा, म्हणजे पुढचा चढ अर्धा फुकटात पडतो. पण हे ऑक्टोबरात करू नये. तेव्हा रपट्यापलीकडे मळणीयंत्र उभं असतं आणि त्याला घाई नसते. ज्येष्ठ-आषाढात तर रस्ता सोडून शेतात चाक घालूच नये. काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि मग तुम्ही तिला चालवत आहात की ती तुम्हाला, हा प्रश्न येणारे-जाणारे थांबून विचारतात. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर फक्त सावलीत बसावं.

कुत्र्यांचं वेगळं प्रकरण होईल. थोडक्यात: पायडल थांबवा, खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि मालकाला आवाज द्या. मालक ओट्यावरून “कायी करत नायी तो” म्हणतो. तेवढं ऐकून कुत्रं निघून जातं.

काही उत्साही मंडळी विचारतात की जवळून समृद्धी महामार्ग जातो, 701 किलोमीटर, सिमेंटचा, एकही खड्डा नको असेल तर तिकडूनच का जाऊ नये? कारण तिथे सायकलला परवानगी नाही; मोटरसायकललाही नाही. त्या महामार्गाकडे पुलावरून बघावं, हात हलवावा आणि जुन्या रस्त्याला लागावं. लोणारला पोचल्यावरही सायकल काठावरच ठेवायची. खाली अभयारण्य आहे, कमळजा देवी आहे, वाट पायी जायची आहे.

एवढं करूनही कोणाला खऱ्या लाटांचाच हट्ट असेल, तर सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी टाकून त्याने रत्नागिरी गाठावी. गणपतीपुळ्याकडून आरे-वारेवरून येणारा रस्ता म्हणजे कॅलेंडरच: वर जांभ्याचा सडा, खाली वाळू, वळणावर सगळा समुद्र एकदम. पण तिथेही नाल्याऐवजी खाडी असते आणि प्रत्येक खाडीपाशी रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढतो. जयगड-तवसाळला तर जंगरवर, म्हणजे फेरीबोटीवर, सायकल चढवून पलीकडे जावं लागतं. बीबीच्या टेकाडांवर तयार झालेल्या मांड्यांना ते जड जात नाही. विदर्भाला दमाची उणीव कधीच नव्हती. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने 12 दिवसांच्या आत पार केली.

आता गंमत बाजूला. कडा आहे, खारं पाणी आहे, चढ-उतार आहेत. नाही ती साइडपट्टी. डांबर संपतं तिथे वीतभर खोल खाच असते, आणि मागून ट्रक आला की सायकलवाल्याला त्या खाचेत उतरावं लागतं. आपल्यासारख्या हौशी लोकांचं सोडा, आपण रविवारचे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. खेडोपाडी ज्या मुलींची शाळा गावाबाहेर आहे, त्या अशाच रस्त्यांवरून रोज जातात, पाठीवर दप्तर, कॅरिअरवर मैत्रीण. सायकल दिली तर ती चालवायला हातभर जागाही द्यावी. रस्ता करणाऱ्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी डांबर टाकताना साइडपट्टी मुरूम भरून डांबराच्या पातळीला आणावी आणि दाबून घ्यावी. वाचकांनी तोवर उजेडातच घरी यावं, मागचा लाल दिवा चार्ज केलेला असला तरी.