कपाट-कपात : पलसाणावासी कुटुंबांसाठी मार्गदर्शक सूचना

पलसाणा ते कडोदरा या पट्ट्यातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमधून छापून निघालेल्या साड्या सुरतच्या रिंग रोडवरच्या मार्केटांतून देशभर जातात. अशा मुलखात राहून रोज सकाळी ‘घालायला काही नाही’ असे ऐकू येते, ही गंभीर बाब आहे. ओव्हरटाइम बंद झाल्याने कापडाचे बजेट निम्म्यावर आले. कपाटाचे दार मात्र अजून लागत नाही. सबब, खानदेशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी पुढील सूचना पाळाव्यात.

१. मोजदाद : ब्लाउजपीस धरून साडी साधारण ६.३० मीटरची. घरातल्या साड्या मोजून गुणाकार करावा. उत्तर चलथाण स्टेशनच्या फलाटाबाहेर गेल्यास खरेदी स्थगित समजावी. पुरुषांनी हसू नये. लग्नांत मिळालेले आणि शिलाई महाग म्हणून घडीतच राहिलेले शर्टपीस-पँटपीस त्यांच्या खाती जमा आहेत.

२. वर्गवारी : फॉल-पिको झालेली साडी खर्ची पडली; न झालेली अजून चलनात आहे, म्हणजे आहेराला चालते. चलनातल्या साडीच्या पिशवीत देणारीच्या नावाची चिठ्ठी ठेवावी. नाहीतर शहाद्याच्या मामींची साडी नंदुरबारच्या लग्नात मामींनाच जाते, आणि मामी पदर ओळखतात.

३. निवृत्ती : सुती लुगड्याला पेन्शन असे. आधी गोधडी, मग फरशीचे फडके, शेवटी चुलीपाशी पोतेरे. पॉलिएस्टरला ही सोय नाही. सूत हवेतला सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्याने फरशी पुसली की पाणी फक्त जागा बदलते. शिवाय ही साडी विटत नाही, विरत नाही, ‘जुनी झाली’ म्हणायला तोंड ठेवत नाही. तिला सेवामुक्त करण्याचा अधिकार जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या एकट्या भांडेवालीला. वाटाघाटीला घरातली भिडस्त व्यक्ती बसवू नये. ढिगात नवऱ्याची धड पँट सरकवू नये. सरकवलीच तर पातेले झाकणासह घ्यावे.

४. खरेदी : होलसेलवाला एकच डिझाइन वेगवेगळ्या रंगांच्या सेटमध्ये देतो. चार जावांनी मिळून सेट घेतल्यास बचत होते. मात्र चौघींनी एकाच हळदीला त्या नेसू नयेत. वऱ्हाडी त्यांना बँडपथक समजतात.

५. अपवाद : आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीची साडी बजेटात धरू नये. ती आहेराच्या गठ्ठ्यातूनही काढू नये. लेकीला घडीवरून कळते. त्यासाठी वडिलांनी आपला दिवाळीचा शर्ट रद्द करावा आणि विचारल्यास ‘मला आवडला नाही’ असे सांगावे. या कलमाविरुद्ध अपील नाही.