गोंदियाचा फितूर

लांडग्याच्या जन्मातलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे उपास. हे मी अनुभवाने सांगतोय. मिनेसोटाच्या प्राणिसंग्रहालयाने मुलांना शिकवण्यासाठी 2007 साली 'वुल्फक्वेस्ट' नावाचा गेम काढला. त्यात बंदूक नाही, गाडी नाही. तुम्ही अमेरिकेतल्या यलोस्टोनचे लांडगे. वास हुंगा, शिकार करा, जोडीदार मिळवा, पिलं वाढवा. भाच्याने तो लॅपटॉपवर टाकून दिला आणि ऐन मे महिन्यात, गरम हवा फेकणाऱ्या कूलरसमोर बसून, मी बर्फात धावू लागलो. यलोस्टोनमधले लांडगे माणसांनी पार संपवले होते. 1995 साली कॅनडातून आणून पुन्हा सोडले. म्हणजे तिथला लांडगाही बाहेरगावचाच, हा एक दिलासा.

भक्ष्य म्हणजे एल्क, आपल्या सांबराहून थोराड हरीण. ते लाथ घालतं. लाथ बसली की पडद्यावरचा आपला जीव झर्रकन खाली येतो. "मामाजी, धडधाकट एल्कच्या मागं कायले लागता? लंगडं पाहा ना जी!" भाचा ओरडायचा. खऱ्या लांडग्यांच्याही बहुतेक शिकारी फसतात म्हणे. मी सशांवर दिवस काढले.

जोडीदार मिळवणं त्याहून अवघड. लांडगी समोर आली की शेपूट हलवायची, खेळायला बोलवायचं की नुसतं हुंगायचं, हे नीट ठरवावं लागतं, नाहीतर गुरगुर. बायको मागे उभी राहून बघत होती. "माह्या वेळेस तर पोह्याची बशी खाली ठेवेपर्यंत मान वर नव्हती केली," एवढंच बोलून ती आत गेली. मुलूख राखायला मात्र बटण दाबून जागोजागी मुतायचं असतं. भिंतींवर देवांच्या टाइल्स लावूनही आपल्याकडे जी विद्या लोपली नाही, तिच्यात मला शिकवणी लागली नाही. पुढे पिलं झाली. त्यांना खाल्लेलं ओकून भरवायचं. ही माहिती मी जेवणाच्या ताटावर दिली आणि लॅपटॉपची रवानगी ओसरीत झाली.

पण खरी भानगड वेगळीच आहे. गोंदियाच्या माणसाने लांडगा होणं ही चक्क फितुरी! किपलिंगने मोगलीचे लांडगे वसवले सिवनीच्या जंगलात, म्हणजे बालाघाट ओलांडलं की पलीकडे. 1895 च्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये 'रेड डॉग' ही गोष्ट आहे. तीत कोळसुनांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी दख्खनेतून लांडग्यांवर चालून जाते. दख्खनेतून, म्हणजे आमच्याच अंगाने. मोगली त्यांना मधमाश्यांच्या कड्यावरून वैनगंगेत पाडतो. लांडग्यांचा म्हातारा अकेला त्या लढाईत जातो. आमचं तर एकही माघारी येत नाही.

त्याच कोळसुनांची आमच्या नागझिरा अभयारण्यात काय किंमत? पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, कुठल्याही फाटकातून आत शिरलेल्या माणसाला वाघच हवा असतो. समोर कोळसुनं आली की जिप्सीतून निराश आवाज येतो, "कुत्रे आहेत." अहो, ही कुत्री शिट्टी घालून एकमेकांना हाका मारतात, टोळीने सांबर लोळवतात आणि शिकारीवर आधी पिलांना जेवू देतात. आमच्या लग्नाच्या पंगतीत एवढी शिस्त दाखवा.

तेव्हा गेम बनवणाऱ्या मराठी पोरांनो, एखादा कोळसुनाचा काढा. मोह, पाणवठे, चितळ, सगळं इथे आयतं आहे. फक्त वैनगंगेच्या टप्प्यात मधमाश्या ठेवू नका.