उपक्रमताई

दोन्ही हातांत पिशव्या, दातांत स्कूटीची किल्ली आणि तोंडाने ‘आले हं, आले!’ अशा थाटात वृद्धाश्रमाच्या फाटकातून जी बाई आत शिरते, ती उपक्रमताई. बेळगावात ती बहुधा टिळकवाडीला राहते. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. नोकरी प्राथमिक शाळेत झालेली, त्यामुळे पंच्याहत्तरीच्या माणसालाही ती ‘शाब्बास! आता बोटाने दाबायचं हं’ असं म्हणते आणि तो माणूसही घाबरून दाबतो.

पिशव्यांत आइस्क्रीमच्या काड्या, पिस्त्याची टरफलं, फेविकॉल, चमकी आणि गोतावळ्यातल्या दहा वर्षांच्या लग्नपत्रिका. त्यांतली दोन लग्नं कोर्टात आहेत, पण पत्रिकांचा कागद चांगला जाड आहे. त्यातून गणपतीचे कान उत्तम निघतात.

‘एकदम सोप्पं आहे!’ हे तिचं पालुपद. नेमकी इथेच तिची फसगत होते. कारण समोर कोण बसलंय, हे तिने कधी विचारलेलं नसतं. समोर शहापूरचे एक काका असतात, ज्यांची हयात मागावर गेली. त्यांना ती कागदाच्या रंगीत पट्ट्यांची चटई विणायला देते. काका चष्मा पुसतात, ताईंचा नमुना उजेडाकडे धरतात आणि पेशंट हातचा गेल्याचं डॉक्टर सांगतात त्या सुरात म्हणतात, ‘बाणा सैल हाय.’ शेजारी अथणीकडचे एक मामा, जन्मभर कोल्हापुरी चपला शिवलेले. त्यांना पुठ्ठ्याचा छोटा बूट आणि ओवायला लोकरीची दोरी. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव जिल्हा आहे, आणि अथणी त्याच जिल्ह्यात. मामा पुठ्ठ्याचा बूट उलटा करून तळ बघतात आणि विचारतात, ‘ह्यो पावसात टिकंल काय?’

पण उपक्रमताईंची खरी परीक्षा घेतात त्या निपाणीच्या आक्का.

त्या दिवशीचा उपक्रम कागदी मण्यांचा होता. मासिकाच्या पानाची निमुळती पट्टी कापायची, सुईवर गुंडाळायची, टोकाला गोंद. ताईंनी एक मणी करायला बराच वेळ घेतला, कारण मध्ये मध्ये त्या ‘आनंद’ या विषयावर बोलत होत्या. आक्कांनी तोवर सुई बाजूला ठेवली, पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, पत्र्याचं माप मागितलं, ते नाही म्हटल्यावर औषधाच्या डबीचं झाकण घेतलं आणि मांडीवर ताट ओढलं. ताईंचं भाषण संपलं तेव्हा ताटात पंचवीस-पंचवीसची बंडलं दोऱ्याने बांधून तयार. एकसारखी. टोकं नखाने आत दुमडलेली.

‘अय्या! आजी, कुठे शिकलात?’

‘शिकतो कशाला? दिवसाला हजार विड्या वळत हुतो की!’ (त्या भागातल्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, ताई पहिले काही आठवडे ते व्याकरण सुधारायच्या नादात होत्या.)

टेंभुर्णीचं पान भिजवायचं, मापाने कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं. हे आक्कांनी चाळीसेक वर्षं केलं. तंबाखूच्या धुळीने खोकलाही मिळवला. आणि वळलेली विडी कारखान्यात नेली की तपासणारा त्यातल्या कितीतरी ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा, म्हणजे त्या विड्यांची मजुरी गेली. इतकी वर्षं हे ऐकून घेतलेल्या बाईच्या हातात आता तपासणीचा अधिकार आपसूक आला. आक्का ओळीने सगळ्यांचे मणी बघत निघाल्या. विणकर काकांचे पास. मामांचे निम्मे. बँकेतून रिटायर झालेल्या एका साहेबांचे सगळेच्या सगळे ‘छाट!’ साहेबांचा चेहरा लेखापरीक्षण झाल्यासारखा. शेवटी ताईंचा नमुना. आक्कांनी तो दोन बोटांत फिरवला.

‘छाट.’

पुढच्या आठवड्यात आक्कांनी विचारलं, ‘हजारी किती?’

‘म्हणजे?’

‘हजार मण्यांस्नी मजुरी किती?’

‘आजी, हे आनंदासाठी करायचं असतं!’

‘आनंद तुमचा. मजुरी आमची.’

1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, ते हे निपाणी. तिथल्या बाईशी मजुरीवर वाद घालू नये. ताईंनी घातला, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळा हॉल हाताची घडी घालून बसला. तडजोड शेवटी अशी ठरली: शंभर मण्यांना एक प्लेट कांदाभजी. व्यवस्थापकांनी तेलाचा प्रश्न काढला, तेव्हा आक्का म्हणाल्या, ‘छाट.’

दिवाळीच्या तोंडावर तर ताईंनी आकाशकंदील काढला आणि कागद आणला लाल-पिवळा, म्हणजे नेमके कन्नड झेंड्याचे रंग. तारीख एक नोव्हेंबरच्या आसपासची, म्हणजे गावात एका बाजूला कन्नड राज्योत्सवाची तयारी आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या फेरीची. महाराष्ट्र एकीकरण समितीत आयुष्य घातलेले एक आजोबा ताडकन उठले, ‘भगवा आणा!’ पलीकडून हुक्केरीच्या आज्जींनी लाल-पिवळा उचलून ‘भाळ छलो!’ (फार छान!) म्हटलं. पांढरा सुचवला तर तो सुतकी दिसतो. आकाशकंदिलाला बाजू अनेक असतात, याचा उपयोग ताईंना त्या संध्याकाळी कळला. ज्याने त्याने आपापली बाजू चिकटवली. दिवा एकच होता.

बक्षीस म्हणून ताई बेळगावची मिठाई, कुंदा, आणतात, आणि हॉलमधल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह आहे हे त्यांना बक्षीस समारंभातच आठवतं. कुंदा कर्मचारी खातात. त्यामुळे कर्मचाऱ्यांचा उपक्रमांना सक्रिय पाठिंबा असतो.

चेष्टा पुरे. आपण आई-वडिलांना भेटायला दिवाळीला जातो आणि तासाभरात घड्याळ बघतो. ही बाई दर आठवड्याला येते, अपमान करून घेते आणि पुन्हा येते. आता तिने एक शहाणपणाही केला आहे: नमुना स्वतः करणं सोडून दिलं. पिशव्या आक्कांच्या पुढ्यात ठेवते आणि ‘आज काय करायचं?’ एवढंच विचारते. तिने भरवलेलं गेल्या खेपेचं प्रदर्शन पूर्वीपेक्षा बरं झालं, यात नवल नाही.

तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिला जुन्या लग्नपत्रिका नेऊन द्या. वर्तमानपत्रांची रद्दी मात्र, बेळगावात असाल तर, देऊ नका. माजी महापौर विजय मोरे यांच्या पुढाकाराने चाललेल्या बामणवाडीच्या शांताई वृद्धाश्रमाच्या ‘विद्या आधार’ उपक्रमात तीच रद्दी विकून गरजू मुलांच्या शिक्षणाला पैसे दिले जातात. रद्दी तिकडे पाठवा.