आम्ही की आपण?

नेरूळ स्टेशनबाहेरून घेतलेला व्हेनमचा टी-शर्ट घालून मी चिरंजिवांच्या खोलीतल्या आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा मला स्वतःविषयी काडीचीही शंका नव्हती. व्हेनम ज्याच्या अंगात राहतो तो एडी ब्रॉक पत्रकार, मीही पत्रकार. त्याची नोकरी गेली, माझी दर मार्चमध्ये जाता जाता राहते. राहायला माणूस शोधणाऱ्या कुठल्याही परग्रहवासी प्राण्याने आधी आमच्या सेक्टरात चौकशी करायला हवी होती.

"बाबा, पोट आत घे," चिरंजीव म्हणाले, "व्हेनमचा जबडा निखळतोय."

मी विषय बदलला. म्हणजे ज्ञान पाजळलं. अंगात येणं आपल्याला काय नवीन? पण आरवलीच्या वेतोबाला भक्त चपला वाहतात, आणि रात्रीच्या फेरीत त्या झिजतात म्हणे. म्हणजे पाय देवाचे स्वतःचे. व्हेनम पायसुद्धा दुसऱ्याचे वापरतो. १९८४ साली काळा पोशाख म्हणून तो स्पायडरमॅनच्या अंगावर चढला, चर्चच्या घंटेने सुटला आणि १९८८मध्ये एडीला चिकटलेला जगापुढे आला. आवाज सोसत नाही बिचाऱ्याला. नेरूळला असता तर पहिल्याच विसर्जनाला बाप्पाबरोबर गेला असता.

माझा जीव मात्र त्याच्या सर्वनामात अडकलाय. तो 'मी' म्हणत नाही, 'वी' म्हणतो. इंग्रजीचं एका 'वी'त भागतं. आपल्याकडे दोन आहेत. शत्रूचा गळा धरून "आम्ही व्हेनम!" हे ठीक, कारण ऐकणारा त्या 'आम्ही'त नाही. पण चॉकलेटची तल्लफ आली की त्याने एडीला "आपण खाऊ या" असंच म्हणायला हवं. पोट एकच आहे. सोसायटीच्या नोटिशीत 'आम्ही' असेल तर समजावं दंड आहे, 'आपण सर्वांनी' असेल तर वर्गणी. बायको "आपण पंखे पुसायचे का?" म्हणते, त्या 'आपण'मध्ये एकच माणूस असतो आणि तो स्टुलावर असतो. हे मी पंधरा मिनिटं समजावलं. चिरंजीव मधेच उठून गेले. दिवा तसाच.

"दिवा काय तुझा बाप बंद करणार?"

"हो," बाहेरून उत्तर आलं.

वाक्य माझं नव्हतंच. शेवटी चिरकणारा तो 'करणार' अण्णांचा, माझ्या वडिलांचा. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते म्हणायचे, "आपण उद्या डॉक्टरकडे जाऊ." जणू माझ्याही पोटात दुखत होतं. मी वैतागायचो. "तुम्हाला जायचंय अण्णा, मला रजा काढायचीय." त्यांच्या 'आपण'मधून बाहेर पडायची केवढी घाई होती मला.

दिवा मी बंद केला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात आरशातले पांढरे दात तेवढे दिसत होते, चांगलेच फाकलेले.

"आपण जरा रात्रीचा भात कमी करू या," मी म्हणालो.